शार्लोटेनहोफचे माळ्याचे घर: राहण्यासाठी बांधले की पाहण्यासाठी?

नदीकाठ

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त आम्ही गेली सहा वर्षे बर्लिनमध्ये राहतो. तिथून पॉट्सडामला लोकल गाडीने जाता येते, त्यामुळे सान्सूसीच्या उद्यानात वर्षाकाठी आमच्या चार-पाच फेऱ्या होतातच. पाहुणे आले की त्यांना प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचा राजवाडा आणि त्याच्यासमोर उतरत गेलेले द्राक्षांचे टप्पे दाखवायचे, हा ठरलेला क्रम आहे. मला स्वतःला मात्र उद्यानाच्या दक्षिणेकडचा, फारशी वर्दळ नसलेला शार्लोटेनहोफचा भाग अधिक आवडतो. तिथे एका तळ्याच्या काठी ‘रोमन स्नानगृहे’ या नावाने ओळखला जाणारा इमारतींचा एक पुंजका आहे आणि त्या पुंजक्यात एक घर आहे. त्याच्या भिंती फिकट रंगाच्या आहेत, छपरांचा उतार अगदी कमी आहे, एका बाजूला चौकोनी मनोरा आहे आणि द्राक्षवेलींचा मोठा मांडव त्याला बिलगून उभा आहे. जर्मन भाषेत त्याला हॉफगेर्टनरचे घर म्हणतात, म्हणजे दरबारी माळ्याचे घर.

हे घर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही. माझे आजोबा एका लहान संस्थानिकांच्या बागेत माळी होते. त्यांना राहायला मिळालेली जागा मी लहानपणी पाहिली आहे. विहिरीच्या पलीकडे, चाफ्याच्या झाडाला टेकून दोन खोल्या होत्या. वर कौले होती आणि जमीन शेणाने सारवलेली होती. आतल्या खोलीत कोनाड्यात गाडगी मांडलेली असत आणि त्यांत राखेत मिसळून ठेवलेले भोपळ्याचे, दोडक्याचे, झेंडूचे बी असे. आजोबा प्रत्येक गाडग्याच्या तोंडावर फडके बांधत आणि त्या फडक्याच्या गाठीत त्याच झाडाचे वाळलेले पान खोचून ठेवत, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. माळ्याचे घर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या येतात. त्यामुळे एका राजपुत्राने आपल्या माळ्यासाठी मनोऱ्याचे घर बांधून द्यावे, ही गोष्ट मला मनापासून समजून घ्यायची आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी या घरावर लिहायला घेतले आहे. तीन गोष्टी अडल्या आहेत. हे घर खरोखर माळ्याला राहण्यासाठी बांधले होते, की राजपुत्राला राजवाड्यातून पाहण्यासाठी एक सुंदर देखावा हवा होता म्हणून? तिथे कोण राहत असे? आणि ‘हॉफगेर्टनर’ या पदाला मराठीत काय म्हणावे? ‘माळी’ हा शब्द लिहून पाहिला, पण तो तिथे नीट बसत नाही, आणि का बसत नाही हेही मला धड सांगता येत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चुनागच्ची

नदीकाठ, तुमच्या आजोबांच्या गाडग्यांचे वर्णन वाचून फार बरे वाटले. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि काही वर्षांपूर्वी या घरासाठीच पॉट्सडामला दोन दिवस राहिलो होतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने १८२५ साली सान्सूसीला लागून असलेली ही जमीन विकत घेतली आणि नाताळची भेट म्हणून युवराजाला, म्हणजे पुढे १८४० साली गादीवर आलेल्या चौथ्या फ्रेडरिक विल्हेल्मला दिली. जमिनीवर एक जुने शेतघर होते. कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुविशारदाने १८२६ ते १८२९ या काळात त्याचेच रूप पालटून शार्लोटेनहोफचा छोटा राजवाडा उभा केला. लुडविग पेर्सिउस हा त्याचा तरुण शिष्य प्रत्यक्ष बांधकाम पाहत होता आणि भोवतालची सपाट, दलदलीची जमीन पेटर योसेफ लेने या उद्यानरचनाकाराने उद्यानात बदलली. युवराज स्वतः उत्तम चित्रे काढत असे आणि त्याने या कामासाठी कागदावर अनेक कल्पना रेखाटल्या. आपल्या या जागेला तो लाडाने ‘सियाम’ (आजचे थायलंड) म्हणत असे, कारण त्या काळच्या समजुतीप्रमाणे सियाम हा स्वतंत्र माणसांचा देश होता.

तुमचे घर याच्या लगेच नंतरचे, १८२९-३० मधले आहे. इथे कालक्रम नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण आज हा सगळा पुंजका ‘रोमन स्नानगृहे’ या नावाने ओळखला जात असला तरी स्नानगृह सर्वांत शेवटी आले. आधी माळ्याचे घर झाले. मग तळ्याकाठी देवळाच्या आकाराचा चहाचा मंडप आला आणि १८३२ मध्ये माळ्याच्या मदतनिसांचे घर. प्रत्यक्ष रोमन धर्तीचे स्नानगृह १८३४ ते १८४० या काळातले आहे. त्या स्नानगृहात पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या घरांसारखी दालने आहेत, डोक्यावर भार तोलणाऱ्या स्त्रियांचे पुतळे आहेत आणि रशियाच्या झारने भेट दिलेले हिरव्या जास्पर दगडाचे स्नानपात्र आहे. पण त्या स्नानगृहात कधी कोणी स्नान केले नाही. ते केवळ पाहण्यासाठी होते. म्हणजे ज्या इमारतीवरून सगळ्या पुंजक्याला नाव पडले ती कधी वापरलीच गेली नाही, आणि ज्या घरात चूल पेटत होती ते घर त्या नावाच्या आड गेले. तुम्ही लेखाला शीर्षक देताना हे जरूर ध्यानात ठेवा.

आता घराविषयी. शिंकेल १८०३ ते १८०५ आणि पुन्हा १८२४ मध्ये इटलीत हिंडला होता. राजवाडे आणि चर्चे तर त्याने पाहिलीच, पण ग्रामीण भागातली शेतकऱ्यांची घरे पाहून तो विशेष भारावला होता. ती घरे एका वेळी ठरवून बांधलेली नसत. आधी एक खोली, मग मुलगा मोठा झाला की शेजारी दुसरी, धान्यासाठी वरचा मजला, कबुतरांसाठी किंवा राखणीसाठी मनोरा, उन्हासाठी वेलीचा मांडव, अशी ती वाढत गेलेली असत. माळ्याच्या घरात शिंकेलने हीच वाढ एका आराखड्यात पकडली. घराची कोणतीही बाजू दुसऱ्या बाजूसारखी नाही. एक खंड उंच आहे, एक ठेंगणा आहे, मनोरा मध्यावर न येता बाजूला उभा आहे आणि या सगळ्यांना मांडव, पायऱ्या व ओसऱ्या एकमेकांशी जोडतात. तुम्ही घराभोवती चालत फिरलात तर दर दहा पावलांवर वेगळे घर दिसते. समोरून एकदा पाहिले की पाहून झाले, अशी ही इमारतच नाही.

या तऱ्हेची घरे त्याआधी इंग्लंडमध्ये झाली होती. श्रॉपशरमधले जॉन नॅशचे क्रॉन्कहिल साधारण १८०२ चे आहे. पण पॉट्सडाममध्ये या एका माळ्याच्या घराने जे घडवले ते मोठे आहे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पेर्सिउसने आणि त्याच्या नंतरच्यांनी त्या गावात मनोऱ्याच्या कितीतरी हवेल्या बांधल्या, आणि त्या सगळ्यांचे मूळ या घरात आहे. एरवी हवेलीची नक्कल झोपडी करते. इथे दरबारातल्या मोठ्या मानकऱ्यांच्या हवेल्यांनी माळ्याच्या घराचा कित्ता गिरवला. पुण्याच्या वाचकांना या आवडीची कल्पना यावी म्हणून सांगतो, गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत १८६४ ते १८७१ या काळात गव्हर्नरचे निवासस्थान म्हणून बांधली गेली आणि तिच्या एका अंगाला जो उंच चौकोनी मनोरा आहे, तो इटालियन धर्तीच्या याच वेडाचा दूरचा भाऊबंद आहे.

तेव्हा माझे मत असे आहे की हे घर प्रामुख्याने दृश्यासाठी होते. राजवाड्यातून निघून तळ्याच्या कडेने फिरताना युवराजाला इटलीत असल्याचा भास व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. तिथे माळी राहत होता हे खरे, पण त्या चित्रात तोही एक आकृती म्हणूनच होता.

रोपवाटिका

चुनागच्ची यांनी रचना फार सुरेख उलगडून दाखवली आहे, पण त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. माझा विषय उद्यानविद्या आहे आणि उमेदवारीची दोन वर्षे मी इंग्लंडमध्ये एका जुन्या उद्यानात काढली आहेत. दरबारी माळ्याचे घर बागेच्या मधोमध का असते, याचे उत्तर वास्तुकलेत शोधून अर्धेच सापडते. उरलेले अर्धे थंडीत आहे.

आपल्याकडे बाग मरते ती उन्हाने आणि पाण्याच्या तुटीने, तीही हळूहळू मरते. पॉट्सडाम ज्या प्रदेशात आहे त्या ब्रांडेनबुर्गमध्ये ती एका रात्रीत मरते. सान्सूसीचेच उदाहरण घ्या. तिथले द्राक्षांचे टप्पे १७४४ मध्ये घातले गेले आणि त्यांच्या भिंतींत अंजिरांसाठी १६८ कोनाडे ठेवले, ज्यांना काचेची दारे लावलेली आहेत. दिवसा ती उघडायची आणि रात्री मिटायची. लाकडी पिंपांत वाढवलेली संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळाभर ऊबदार दालनांत ठेवावी लागतात आणि वसंतात बाहेर काढावी लागतात. आपल्याकडचा शेतकरी मृगाकडे डोळे लावतो, तसा तिथला माळी मे महिन्याच्या मध्याकडे लावतो. ११ ते १५ मे या दिवसांना ते ‘हिमसंतांचे दिवस’ म्हणतात, आणि ते उलटून गेल्याशिवाय नाजूक रोप उघड्यावर न्यायचे नाही, असा तिथल्या बागकामाचा जुना नेम आहे.

काचघरे जेव्हा शेगडीच्या धगीवर चालत तेव्हा त्या शेगड्यांना रात्री दोनदा-तीनदा उठून इंधन घालावे लागे. एक रात्र झोप लागली आणि आग विझली, तर वर्षभराची मेहनत सकाळी काळी पडलेली दिसे. इंग्लंडमध्ये मी जिथे काम केले तिथे मुख्य माळ्याचे घर भाजीपाल्याच्या बंदिस्त बागेच्या भिंतीतच बांधलेले होते, इतके की त्याच्या झोपण्याच्या खोलीची एक खिडकी बागेच्या आत उघडत असे. भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीच्या अंगाला अविवाहित तरुण मदतनिसांच्या ओळीने खोल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी बॉयलरचा खड्डा. मी पहिल्या हिवाळ्यात त्या खड्ड्यात उतरून पाहिले. पायऱ्यांची दगडी कड मधोमध बोटभर झिजलेली होती. बॉयलर बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण रात्री-अपरात्री कोण किती वेळा उतरले असेल ते त्या दगडाकडे पाहून कळत होते.

शार्लोटेनहोफमध्येही माळ्याच्या घराशेजारी मदतनिसांचे घर आहे, ही गोष्ट चुनागच्ची यांनी ओझरती सांगितली. माझ्या मते ती महत्त्वाची आहे. केवळ देखावा हवा असता तर एक घर पुरले असते. गुरू आणि त्याची शिकाऊ माणसे जवळजवळ राहतात, ती कामाच्या सोयीने राहतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. तळ्याच्या काठी वाफेच्या यंत्राचे एक पंपघर होते. त्या तळ्याला आजही ‘यंत्राचे तळे’ म्हणतात. ब्रांडेनबुर्गची माती रेताड आहे, पाणी धरून ठेवत नाही. फ्रेडरिक द ग्रेटने आपल्या काळात कारंजी उडवण्यासाठी पुष्कळ पैसा ओतला, पण ते काम काही साधले नाही. पुढे हाफेल नदीच्या काठी मशिदीच्या आकाराचे मोठे पंपघर पेर्सिउसने बांधले, त्यात बोर्झिगच्या कारखान्यातले ऐंशीहून थोडे अधिक अश्वशक्तीचे यंत्र बसवले आणि ऑक्टोबर १८४२ मध्ये सान्सूसीचे मोठे कारंजे खऱ्या अर्थाने उडाले. शार्लोटेनहोफचे यंत्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे. माळ्याचे घर त्या पाण्याच्या शेजारी आहे, हा योगायोग मी मानत नाही. नदीकाठ, तुमच्या आजोबांच्या दोन खोल्याही विहिरीला लागून होत्या, हे तुम्हीच लिहिले आहे.

आणि देखाव्याविषयी एक सांगायचे राहिले. त्या घराजवळ लेने याने एक तुकडा इटालियन शेतासारखा लावला होता. झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेली, मका, भोपळे, आर्टिचोक अशी दक्षिणेकडची वाटावीत अशी पिके तिथे घेतली जात. तो देखावाच होता, मान्य आहे. पण ब्रांडेनबुर्गच्या रेतीत आणि त्या थंडीत तो दरवर्षी नव्याने उभा करणारा माणूस चित्रातली आकृती कसा ठरेल? चित्र काढणारा हात त्याचाच होता. शिंकेलने भिंती एकदा बांधल्या, आणि माळी मात्र दर वसंतात इटली पुन्हा पेरत होता.

चुनागच्ची

रोपवाटिका, मदतनिसांच्या घराविषयीचा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. आराखडा पाहताना मी त्या घराकडे केवळ रचनेतला एक तोल म्हणून पाहत होतो. माझे वाक्य मी बदलतो. युवराजाला देखावा हवा होता आणि लेने याला कामाचे घर हवे होते. शिंकेलने दोघांचेही समाधान एकाच घरात केले.

बडोद्याची_वाट

विषय पॉट्सडामचा आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो, पण एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो म्हणून राहवत नाही.

जर्मन दरबारी बागांच्या शिस्तीत तयार झालेला एक माळी मराठी राजाच्या चाकरीत होता. गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबिगेल यांचा जन्म १८६५ मध्ये ड्रेस्डेनजवळ झाला. सॅक्सनीच्या राजांच्या पिल्निट्झ येथील उद्यानात त्यांनी शिक्षण घेतले, मग लंडनला हाइड पार्कमध्ये आणि क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात काम केले आणि १८९३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना बडोद्याला आणले. लक्ष्मीविलास राजवाडा तेव्हा पुरा होऊन तीन वर्षेच झाली होती. राजवाड्याच्या बागेचा आराखडा विल्यम गोल्डरिंग या क्यूमध्येच काम केलेल्या उद्यानतज्ज्ञाचा होता. क्रुंबिगेल यांच्याकडे संस्थानच्या बागांची जबाबदारी होती. १९०८ मध्ये ते बंगळूरच्या लालबागेत गेले, पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्या शहरात काढले आणि १९५६ मध्ये त्यांचा तिथेच अंत झाला. लालबागेशेजारच्या रस्त्याला आजही त्यांचे नाव आहे.

माझ्या आजीचे माहेर बडोद्याचे. सयाजीबागेला ती शेवटपर्यंत कमाठीबाग म्हणे. तिथल्या एखाद्या जुन्या झाडाखाली बसलो की मला नेहमी वाटते, ही झाडे ज्यांनी लावली आणि जगवली ते कुठे राहत होते हे आपण कधी विचारतच नाही. नदीकाठ यांनी पॉट्सडामच्या निमित्ताने तो प्रश्न विचारला, त्याबद्दल त्यांचे आभार.

शब्दांच्या_शोधात

तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून मी लिहिते. आधी ते पद काय होते ते पाहू, म्हणजे शब्द शोधणे सोपे जाईल.

प्रशियाच्या राजोद्यानांचे निरनिराळे विभाग पाडलेले असत आणि प्रत्येक विभागावर एक हॉफगेर्टनर नेमलेला असे. त्याला पगाराबरोबर राहण्याचे घर मिळत असे. तो स्वतः कुदळ धरू शकत होता, पण त्याचे खरे काम विभागाचा हिशेब, रोपांची आखणी, मदतनिसांची नेमणूक आणि शिकवणी हे होते. त्याआधी त्याने उमेदवारी केलेली असे आणि दुसऱ्या बागांतून हिंडून कामाचा अनुभव घेतलेला असे. लेने याच्या पुढाकाराने १८२३ मध्ये राजेशाही उद्यानशिक्षण संस्था स्थापन झाली. बर्लिनजवळ शोनेबेर्ग आणि पॉट्सडाम या ठिकाणी तिचे वर्ग होते. म्हणजे हे विद्येचे पद होते.

शार्लोटेनहोफच्या घरात राहणाऱ्या हॉफगेर्टनरचे नाव हेर्मान झेलो. जन्म १८००, मृत्यू १८७६. झेलो हे पॉट्सडामच्या दरबारी माळ्यांचे घराणे. पिढ्यानपिढ्या त्यांनी त्या बागा सांभाळल्या. आपल्याकडे जसे गवय्यांचे घराणे असते, तसे हे बागेचे घराणे होते असे म्हटले तरी चालेल. याच घराण्यातला फ्रीडरिश झेलो हा १७८९ मध्ये पॉट्सडामला जन्मलेला मुलगा वनस्पती गोळा करण्यासाठी ब्राझीलला गेला, दक्षिण अमेरिकेत वर्षानुवर्षे हिंडला आणि १८३१ मध्ये तिथल्या रिओ डोसे नदीत बुडून मरण पावला. त्याच्या नावाच्या वनस्पती पुष्कळ आहेत. हल्ली आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि हॉटेलांच्या फुलदाण्यांत ते जे मऊ, पिसाऱ्यासारखे तुरे दिसतात, त्या पंपास गवताचे शास्त्रीय नाव कॉर्टाडेरिया सेलोआना असे आहे. त्यातले ‘सेलोआना’ म्हणजे हा झेलो. मागच्या मार्गशीर्षात आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरीच्या मागे ते तुरे लावलेले पाहिले, तेव्हा पॉट्सडामच्या एका माळ्याच्या मुलाची मला आठवण झाली.

आता शब्द. ‘माळी’ तुम्हाला बसत नाही, कारण मराठीत तो एकाच वेळी जातीचे आणि हाताच्या कामाचे नाव आहे, आणि नेमणुकीचा अधिकार त्यात कुठेच येत नाही. ‘बागवान’ म्हटले की आपल्याला फळांचा व्यापार करणारा समाज आठवतो. ‘बागाईतदार’ हा मळ्याचा मालक असतो. मराठ्यांच्या दफ्तरांत पीलखाना, तोफखाना अशा कारखान्यांच्या प्रमुखाला दरोगा म्हणत, त्यामुळे ‘बागेचा दरोगा’ हा शब्द अर्थाने अगदी जवळ जातो. पण आज दरोगा म्हटल्यावर हिंदीमुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलीस येईल. ‘उद्यान अधीक्षक’ बरोबर आहे, पण त्याला सरकारी कचेरीचा वास येतो आणि त्या शब्दातून घर दिसत नाही.

माझी सूचना अशी आहे की लेखात पहिल्यांदा पद सांगताना ‘राजोद्यानाचा अधिकारी माळी’ असे लिहावे आणि पुढे ‘माळी’च म्हणावे. मराठी वाचकाला त्या शब्दात कमीपणा वाटत असेल, तर तो शब्द टाळून तो कमीपणा जाणार नाही. सावता माळ्यांनी ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ म्हटले त्या भाषेत माळी या शब्दाला वेगळी पदवी लावण्याची गरज मला तरी वाटत नाही.

चुनागच्ची

शब्दांच्या_शोधात यांनी झेलोंचा विषय काढलाच आहे, तर नदीकाठ यांना एक ठिकाण सुचवतो. सान्सूसीच्या उत्तरेला लागूनच बोर्नस्टेट नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या दफनभूमीत झेलो घराण्याची स्वतःची वेगळी जागा आहे आणि ती ‘झेलो दफनभूमी’ म्हणूनच ओळखली जाते. त्या जागेत घराण्यातली माणसे तर आहेतच, पण पेर्सिउस आणि लेने यांच्या समाध्याही तिथेच आहेत. पेर्सिउस १८४५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षीच गेला आणि लेने १८६६ मध्ये. ज्या वास्तुविशारदाने माळ्याच्या घराचे बांधकाम पाहिले आणि ज्याने त्या घराभोवतीची बाग आखली, ते दोघेही शेवटी माळ्याच्या घराण्याच्या जमिनीत विसावले आहेत. मी तिथे गेलो तेव्हा पाऊस पडत होता, सगळीकडे आयव्हीच्या वेलींनी जमीन झाकलेली होती आणि नावे वाचण्यासाठी मला काही ठिकाणी पाने हाताने बाजूला करावी लागली. तुम्ही राजवाड्याकडून चालत पाऊण तासात जाऊन येऊ शकाल.

आणि घराकडे पुन्हा गेलात तर मनोऱ्याकडे पाहण्याआधी मांडवाकडे पाहा. सावली कशी पडते ते पाहा, विशेषतः दुपारी चारच्या सुमारास. उन्हाळा असेल तर पानांमधून आलेले कवडसे भिंतीवर हलतात आणि शिंकेलने त्या भिंती इतक्या साध्या का ठेवल्या ते तेव्हा कळते.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने आणि इतक्या नेमकेपणाने उत्तरे मिळतील, अशी अपेक्षा केली नव्हती.

काल रविवार होता. मी आधी बोर्नस्टेटला गेले, मग उद्यानातून चालत शार्लोटेनहोफला आले. झेलोंच्या जागेत कोणीच नव्हते. पेर्सिउस आणि लेने यांच्या समाध्या सापडल्या आणि त्यानंतर झेलोंची नावे एकेक करून वाचली. जर्मन अक्षरांचे जुने वळण वाचायला मला अजून वेळ लागतो, पण ‘हॉफगेर्टनर’ हा शब्द मात्र दुरूनच ओळखू आला. माणसाच्या नावाखाली त्याचे काम कोरलेले आहे, याचे मला फार अप्रूप वाटले. माझ्या आजोबांच्या नावावर संस्थानच्या कोणत्याही कागदात काय नोंद आहे, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. घरी आल्यावर आईला फोन केला आणि आजोबांच्या हातची काही वस्तू उरली आहे का ते विचारले. एक खुरपे आहे म्हणाली, त्याची मूठ बाभळीची आहे आणि ती त्यांनी स्वतः तासली होती.

माळ्याच्या घराच्या आत जाता आले नाही. दुरुस्तीच्या कामासाठी कुंपण घातलेले होते, त्यामुळे तळ्याच्या पलीकडच्या काठावरूनच पाहिले. चुनागच्ची यांनी सांगितल्याप्रमाणे मी थांबून सावलीची वाट पाहिली, पण काल आभाळ भरून आलेले होते. रोपवाटिका यांचे म्हणणे मनात ठेवून यावेळी मदतनिसांचे घर शोधले. इतक्या फेऱ्यांमध्ये ते माझ्या लक्षातच आले नव्हते. दोन्ही घरे एकमेकांना हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर आहेत.

लेखात मी ‘माळी’ हाच शब्द ठेवणार आहे. पहिल्या परिच्छेदात पदाचा अर्थ सांगेन, हेर्मान झेलो यांचे नाव शिंकेलच्या नावाच्या आधी घेईन आणि लेखाला ‘झेलोंचे घर’ असे शीर्षक देईन. बडोद्याची_वाट यांना एक विनंती आहे. क्रुंबिगेल यांच्या बडोद्यातल्या राहत्या घराविषयी तुमच्या आजीच्या पिढीतल्या कोणाला काही ठाऊक असेल, तर कृपया विचारून इथेच लिहावे. अंक छापायला जायला अजून पाच आठवडे आहेत.